नेमणूक एकाची

पहाटे साडेचार

मनुका रात्रीच भिजत घातल्या होत्या. डिसेंबरचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. त्याचा द्राक्षरस आमच्याकडे दुकानातून येत नाही, माझ्या पातेल्यातून येतो. काळ्या मनुका कुस्करायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळून निवत ठेवायच्या. मेथडिस्टांना वेदीवर दारू चालत नाही. 1869 साली अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरस न आंबता टिकावा म्हणून तो तापवून बाटलीत बंद केला, तो प्रभुभोजनासाठीच. पुढे त्याच्या मुलाने त्यावर मोठा धंदा उभा केला. बीदरकडच्या आमच्या दुबलगुंडी गावात ती बाटली काही येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या माहेरून, सोलापुराकडून, द्राक्षं येतात, बाकी वर्षभर मनुका.

रस निवेपर्यंत ब्रेडच्या कडा काढून तुकडे करायचे आणि ओल्या फडक्यात झाकून ठेवायचे. कडा संडे स्कूलच्या पोरांच्या. प्रभूच्या मेजावरचं उरलंसुरलं म्हणून नव्हे, वर साखर भुरभुरून देते म्हणून ती पोरं वेळेवर येतात.

हे चार वाजल्यापासून बाहेरच्या खोलीत आहेत. उपदेश शनिवारीच व्हायला हवा होता, पण शनिवारी दोन भावांच्या बांधाच्या भांडणात संध्याकाळ गेली. पोलिसांत जाण्याआधी लोक पास्टरकडे येतात. तसं पाहिलं तर ही चांगलीच गोष्ट आहे, पण उपदेश पहाटेवर ढकलला जातो.

माझी यातल्या कशावरही नेमणूक नाही. बिशपांच्या पत्रावर नाव यांचं एकट्याचं. या पत्राने मंडळीला एक माणूस मिळतो असा समज आहे. प्रत्यक्षात एका पगारात दोन माणसं येतात, आणि मुलं मोठी होईपर्यंत तीही हाताशी असतात. मी हे रागाने लिहीत नाही. हिशोब म्हणून लिहिते आहे, कारण चर्चच्या जमाखर्चाच्या वहीत हा रकाना नसतो.

सहा

लाइट आली. मोटार लावली, टाकी भरली, चर्चच्या मागच्या हौदातही पाणी सोडलं. न्हाणीसाठी चुलीवर पाणी. कपड्यांचा ढीग अजून तसाच आहे. गेल्या महिन्यात धारूरच्या जत्रेला जाऊन आलो, तेव्हाच्या सतरंज्यासुद्धा धुवायच्या राहिल्यात. विकाराबादजवळची ही मेथडिस्ट जत्रा 1923 पासून भरते. तेलंगणातले, बीदर-कलबुर्गीकडचे, थोडे महाराष्ट्रातलेही लोक झाडांखाली तंबू ठोकून राहतात. लोकांची ती सुट्टी असते. पास्टरच्या घराला तिथेही सुट्टी नाही, उलट ट्रकात कोण बसलं, कुणाची आजी मागे राहिली, कुणाच्या पोराला उलट्या होतायत, हे सगळं आमच्याच तंबूत येतं.

सात

पहिली हाक. तान्हं मूल घेऊन बाई दारात. मुलाचं अंग तव्यासारखं. ‘अम्मा, अय्यांना डोक्यावर हात ठेवायला सांगा.’ मी यांना बोलावलं, यांनी प्रार्थना केली, आणि ‘आमेन’ होईपर्यंत मी रिक्षावाल्याला फोन लावला होता. हुमनाबादचा सरकारी दवाखाना. रविवारीसुद्धा तिथे ड्युटीवर कुणीतरी असतं. रिक्षाचे पैसे मी दिले. तिने पुन्हा विचारलं, ‘प्रार्थनेने नाही का उतरणार?’ यांनी सांगितलं, ‘डॉक्टरच्या हातालाही देवच बळ देतो, तू आधी नीघ.’ हे वाक्य यांना इतक्यांदा म्हणावं लागतं की मला त्यातला स्वल्पविरामसुद्धा पाठ आहे. पण ते म्हणणं हा या नोकरीतला फार महत्त्वाचा भाग आहे असं माझं मत आहे. पास्टरने दवाखान्याच्या वाटेत उभं राहू नये.

आठ

हे मोटारसायकलवरून वाडीवरच्या उपासनेला गेले. तिथली आटोपून इथल्या साडेदहाच्या उपासनेला पोचायचं. एका पास्टरला अनेक गावं ही इथली जुनीच रीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट बीदरला आले तेव्हा हा निजामाचा मुलूख होता. पुढे वस्त्याच्या वस्त्या, बहुतेक गावकुसाबाहेरच्या, एकदम ख्रिस्ती झाल्या. पुढे बिशप झालेल्या पिकेट यांनी 1933 साली अशा सामुदायिक धर्मांतरांचा जो मोठा अभ्यास छापला, त्यात शेजारचा विकाराबाद भागही होता. वस्त्या आल्या, पण त्या मानाने शिकवणारे थोडे. मग घोड्यावर, बैलगाडीत, पायी, जमेल तसं फिरायचं. बायांमध्ये जायला बायबलबाया असत, पुस्तक काखेत मारून उन्हातान्हात गावोगाव जाणाऱ्या. त्यांना थोडा का होईना पगार होता. आता ते काम पास्टरच्या बायकोकडे आपोआप आलं आहे, पगार वगळून.

नऊ

संडे स्कूल. माझी कन्नड लग्नानंतरची. यांचं गाव भालकीकडचं, घरात दोन्ही भाषा, पण चर्चमधलं सगळं कन्नडमध्ये. मी योनाची गोष्ट सांगताना एखादं क्रियापद चुकवते आणि पहिल्या रांगेतली एक पोरगी हात वर करून दुरुस्त करते. तिला पुढे शिक्षिका व्हायचं आहे म्हणे. माझ्यावरच सराव चालू आहे.

कन्नड येते, चांगली येते. बाजारात दखनीही येते. उपासनेत तेलुगू गीत निघालं तर तेही म्हणते. पण माझ्याकडे ‘उपासना संगीत’ची माहेरची जुनी प्रत आहे, रेव्हरंड ना. वा. टिळकांची, कृष्णराव सांगळ्यांची गीतं असलेली, आणि ती मी स्वयंपाकघरातच म्हणते. चर्चमध्ये म्हणण्याचे प्रसंग क्वचित, उदगीर-सोलापूरकडचे पाहुणे आले तर. प्रार्थना मोठ्याने करायला सांगितली की मी कन्नडमध्ये करते आणि ती मला स्वतःलाच थोडी पाठ केलेली वाटते. मनातली प्रार्थना मराठीत असते. देवाला त्याने काही फरक पडत नसावा. मला पडतो.

मुलांचं याहून वाईट झालं. थोरला चौथीपर्यंत मराठी शाळेत होता. बीदर जिल्ह्यात अजून मराठी शाळा आहेत, भालकीत, बसवकल्याणात, औरादला. मग बदली झाली, तिथे कन्नड. पुढच्या बदलीत इंग्रजी. प्रत्येक ठिकाणी तो पहिलं वर्ष गप्प राहायचा. मास्तर म्हणायचे, मुलगा शांत आहे. तो शांत नव्हता, भाषेच्या दाराबाहेर उभा होता. तो बोलायला लागला की आमची पेटी बांधायची वेळ व्हायची.

साडेदहा

घंटा. प्रत्यक्ष सुरुवात अकराला. हे पावणेअकराला पोचले, शर्टावर धूळ, वरून पांढरा झगा, आणि झग्यातला माणूस एकदम तरतरीत. ही किमया मला अजून कळलेली नाही.

पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, मध्ये वाट. माझी जागा ठरलेली, पहिल्या सतरंजीवर, जिथून मागे वळून बघता येत नाही आणि सगळ्यांना मी दिसते. साडी नवी असली तर चर्चा, जुनी असली तर जास्त चर्चा. मागे एका गावी मी जांभळी साडी नेसले होते, तर तिसऱ्या दिवशी एक जण यांना विचारून गेला की वर्गणी पुरते ना. तेव्हापासून रविवारच्या साड्या मी अशा घेते की त्यांची किंमत कुणाला सांगता येऊ नये.

दानपेटीनंतर लिलाव. अंडी, कोंबडी, पायलीभर ज्वारी, तुरीच्या ओल्या शेंगांची जुडी, जे कुणी आणलं असेल ते. पैसा नसलेल्यालाही हातात काहीतरी घेऊन यावं वाटतं, आणि लिलावात त्याचं दान दामदुपटीने मोजलं जातं. मला हा भाग फार आवडतो, त्यात हशा असतो. पण मी बोली लावू शकत नाही. लावली तर माझ्या वरचढ कुणी बोलत नाही आणि अंडी मला स्वस्तात पडतात. नाही लावली तर पास्टरच्या घरी अंडी खात नाहीत काय, अशी थट्टा. मी शेजारणीला आधीच सांगून ठेवते आणि दुपारी तिच्याकडून विकत घेते.

प्रभुभोजनाला माणसं गुडघे टेकतात तेव्हा मात्र हे सगळं बाजूला पडतं. ऊसतोडीवरून परत आलेला, हैदराबादेत वॉचमन असलेला, सोयाबीनच्या भावाने पिचलेला, एकेक तळहात पुढे येतो आणि त्यावर मी पहाटे कापलेला तुकडा ठेवला जातो. मला वाटतं, माझीही थोडी नेमणूक आहे.

दीड

जेवायला किती माणसं हे रविवारी कधीच ठरलेलं नसतं. आज वाडीवरचे दोघे यांच्याबरोबर आले, एक म्हातारा तर ‘अम्माच्या हातची डाळ’ म्हणून मुद्दाम थांबला. तुरीची डाळ, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. या भागात डाळीची वाण नाही एवढं बरं.

पैशांबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. एकांना वाटतं पास्टरला परदेशातून पैसे येतात. दुसऱ्यांना वाटतं सेवकाने पैशांचं नाव काढू नये. मिशनरी जाऊन किती काळ लोटला! 1981 पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त आहे आणि खेड्यातला चर्चचा संसार वर्गणीवर चालतो. पीक बुडालं की वर्गणी आटते. पूर्वीच्या एका नेमणुकीत सलग काही महिने घरात पगार आला नव्हता. तेव्हा मी कुणाच्या लक्षात न येता शिवणकाम केलं, ब्लाउज दुसऱ्या गल्लीतल्या बाईच्या नावाने जायचे. उघड केलं असतं तर मंडळीला लाज वाटली असती आणि लाज वाटलेल्या मंडळीला पास्टर नकोसा होतो.

अशा वेळी मी लक्ष्मीबाई टिळकांना उघडते. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने आली, तेव्हापासून लोक ती हसून हसून वाचतात, आणि हसावंच. पण आमच्यासारख्या घरात ती हिशोबाच्या वहीसारखीही वाचता येते. नवरा, म्हणजे त्या गीतांचेच टिळक, कुणालाही घरी घेऊन येणार, हातात असेल ते देऊन टाकणार, आणि चूल पेटवायची लक्ष्मीबाईंनी. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ हा आपला भक्तसंघ काढला. महाराष्ट्राने त्याला त्याग म्हटलं, ते बरोबरच. पण घरातल्या दुसऱ्या माणसाला त्यागाआधी विचारतात का, हा प्रश्न ते पुस्तक न विचारता विचारतं. टिळक 1919 ला गेले. त्यानंतर बाईंनी स्वतःच्या पायावर जी वर्षं काढली ती वाचताना मी जास्त सावकाश जाते.

अडीच

आडवी झाले, तोच फोन. मागच्या नेमणुकीच्या गावातली एक बाई. तिच्या मुलीचं लग्न जानेवारीत. ‘तुम्ही आलं पाहिजे, अम्मा, अय्यांच्या हातूनच लागू दे.’

जमणार नाही हे मी कसं सांगायचं? आमच्यातली रीत अशी की गाव सोडलं म्हणजे सोडलं. जुन्या मंडळीतलं लग्न, बाप्तिस्मा, माती, सगळं नव्या पास्टरचं. त्याने बोलावलं तर जायचं, नाहीतर पाहुणे म्हणूनसुद्धा जपून. रीत योग्य आहे. जुना पास्टर सारखा येत राहिला तर नव्याचं घर बसत नाही, आणि आमच्या जागी आलेल्यालाही बायको आहे. पण या रीतीने माझ्या मैत्रिणी गेल्या. मुळात मंडळीत मैत्रीण करायची चोरी: एकीशी जवळीक झाली की बाकीच्यांच्या लक्षात येतं, आणि तिच्या नवऱ्याचं कमिटीत यांच्याशी वाजलं तर आमची चहाची कपबशी मध्ये येते. तरी एखादी होतेच. ही तशी. हिच्या याच मुलीच्या तापात मी रात्र काढली होती. मी म्हटलं, ‘बघते गं, तिथल्या पास्टरशी बोलते.’ तिला कळलं. ‘फोटो तरी पाठवीन,’ म्हणाली.

बदल्यांचा हा नेम मेथडिस्टांचा संस्थापक जॉन वेस्ली याच्यापासून चालत आलेला आहे. एका माणसाने एका जागी रुजू नये, फिरत राहावं. चर्चच्या वार्षिक कॉन्फरन्सच्या शेवटी नेमणुका वाचल्या जातात, आणि त्या घटकेला आमच्यातल्या बायका एकमेकींकडे बघत नाहीत. मी मोठं कपाट घेतलेलं नाही. पार्सनेजच्या, म्हणजे पास्टरच्या घराच्या, अंगणात लिंबाचं झाड आहे, आमच्या आधीच्या कुणा बाईने लावलेलं. तिचं लोणचं मी घालते. मी मागच्या गावी सीताफळ लावलं, ते आता तिथली खात असेल. या व्यवहारात कुणाचं नुकसान नाही, फक्त लावणारी आणि खाणारी यांची कधी भेट होत नाही.

तीन

घंटा वाजली. अवेळी वाजली की गावाला कळतं.

मंडळीतली म्हातारी गेली. सकाळी उपासनेला नव्हती तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. मुलगे हैदराबादेत, निघालेत. हुमनाबादहून हैदराबादचा हायवे सरळ आहे, तीन-चार तासांत पोचतील. माती त्यानंतर. पण तोवर तिचं सगळं करायचं.

हे काम बायांचं, आणि बाया पास्टरच्या बायकोची वाट बघतात. पाणी कोमट असावं, का कोण जाणे, पण कुणी थंड पाणी घेत नाही. हनुवटीखालून पट्टी बांधायची, पायांचे अंगठे बांधायचे, कापूस, मग अंघोळ. हात आखडायच्या आत छातीवर घ्यायचे. तिचे केस पातळ झाले होते, तेल लावून विंचरले, शेंडीएवढी वेणी झाली. सून म्हणाली, ‘ती अंबाडा घालायची.’ पुन्हा सोडले, अंबाडा घातला. पांढरी साडी तिने स्वतःच ट्रंकेत ठेवली होती, घडीत डांबरगोळ्या. हे सगळं करताना बाया बोलतात, आणि खरं बोलतात: सासू म्हणून कशी होती, कुणाचे पैसे बुडवले, कुणाला रात्री जेवू घातलं. दफनाच्या वेळी जे चरित्र वाचलं जातं त्यापेक्षा हे मला नेहमी जास्त पूर्ण वाटतं. माझं काम अशा वेळी कुणाला गप्प करायचं नाही एवढंच.

माझ्या आईची अंघोळ मी घातली नाही. ती दुःखसहनाच्या आठवड्यात गेली, गुरुवारी रात्री. दुसऱ्या दिवशी शुभ शुक्रवार, दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना, आणि त्या दिवशी पास्टरने कुठे जायचं? बदली माणूस मिळाला नाही, सगळेच आपापल्या वेदीवर. मी पहिल्या बसने निघाले. सोलापुरात पोचले तेव्हा आई तयार होती, माझ्या चुलतबहिणींनी सगळं करून ठेवलेलं. तिथल्या पास्टरलाही दुपारच्या उपासनेआधी माती उरकायची होती. मी त्यांना दोष दिला नाही, त्यांचीही तीच अडचण. हे रविवारी ईस्टरची पहाटेची उपासना करून मग आले. माझ्या भावाने तोंडावर काही म्हटलं नाही, मात्र नंतरच्या कुठल्याही आमंत्रणात तो ‘तुम्हाला जमणार नाहीच’ हे शब्द घालतो.

वेस्लीचं चरित्र यांच्या कपाटात आहे. 1751 मध्ये त्याने मेरी वाझेल नावाच्या विधवेशी लग्न केलं. त्यांचं पटलं नाही, ती पुढे वेगळीच राहिली. ऑक्टोबर 1781 मध्ये ती लंडनमध्ये वारली तेव्हा वेस्ली दौऱ्यावर होता. ज्या दिवशी परतला त्याच दिवशी संध्याकाळी तिला पुरलं, आणि हे त्याला एक-दोन दिवसांनी समजलं. उपदेशांत या बाईचं नाव आलं तर भांडखोर म्हणून येतं. मला तिच्याबद्दल आणखी कुणीतरी लिहायला हवं होतं. तिची आई सुझना मात्र सगळ्यांच्या तोंडी. चुकले, त्याची आई. एकोणीस बाळंतपणं, नवरा पाळक, एकदा कर्जापायी तुरुंगात, 1709 ला घर जळालेलं, आणि नवरा बाहेरगावी असताना रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात उपासना घेणारी. आमच्या महिला मंडळात तिच्यावर दरवर्षी भाषण होतं. माझा एकच आक्षेप आहे: त्या भाषणांमध्ये ती कधी दमत नाही.

साडेसहा

मुलगे आले. कंदील, मोबाईलचे दिवे, पेटी खांद्यावर. दफनभूमीपर्यंत गीत. यांचा आवाज सकाळपासून तिसऱ्यांदा लागतोय, आता फाटला आहे. मूठमूठ माती झाली.

परत आल्यावर यांनी रजिस्टर काढलं. मृत्यूची नोंद. या वहीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आमच्या कामातली सगळ्यात जड वस्तू तीच आहे: तिच्यात नाव आलं की माणूस कागदोपत्री ख्रिस्ती ठरतो.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा मान फक्त हिंदूंना. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आले नाहीत. 2022 मध्ये केंद्राने या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. प्रश्न बहात्तर वर्षांचा होईपर्यंत आयोगांवर आयोग बसलेच होते. इकडच्या मंडळ्या बहुतेक दलित. वस्ती तीच, विहिरीवरचा अनुभव तोच, मजुरी तीच, फक्त बाप्तिस्म्याच्या पाण्याने शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा, अत्याचारविरोधी कायद्याचा आधार, सगळं वाहून जातं. मग माणूस कागदावर एक राहतो आणि रविवारी दुसरा. कुणी येऊन म्हणतो, अय्या, बाप्तिस्मा द्या पण वहीत नाव नको. हे नाव नसलेल्या लोकांनाही नावाने ओळखतात, आणि कुणाविषयी कुणाशी काही बोलत नाहीत. माझ्याशीही नाही. नवराबायकोत न सांगितलेल्या गोष्टींची अशी एक आख्खी वही आमच्या घरात आहे.

पास्टरच्या मुलांना मात्र ही सोयच नाही. बाप झगा घालून उभा राहतो, मुलगा दाखल्यावर काय सांगणार? थोरल्याच्या वर्गातला, शेजारच्या गल्लीतला, याच चर्चमध्ये वाढलेला मुलगा एका दाखल्यावर इंजिनिअरिंगला गेला. त्याला मी पेढा भरवला, मनापासून. थोरल्याने त्या संध्याकाळी जेवताना एवढंच विचारलं, ‘आपण खरं बोलतो म्हणून, नाही का?’ यांना उत्तर सुचलं नाही. उपदेशात ज्याचं उत्तर दर महिन्याला देतात तोच प्रश्न होता.

आठ

कॅरल. डिसेंबरभर तरुण मंडळी रात्री घरोघर गातात, ढोलक, टाळ, आता एक कीबोर्डही. मृत्यूमुळे आज नको असं मला वाटलं, पण म्हातारीच्या मुलानेच सांगितलं, आमच्या दारातही म्हणा, आईला आवडायचं. हे घसा धरून गेले. पास्टर नसेल तर मंडळी रुसते, आणि पोरं कुठे रेंगाळतील याची आईबापांना काळजी.

मी मागे दहा-वीस कपांचा चहा, डालडाच्या डब्यातले शंकरपाळे. अंगणात कागदाची चांदणी लावायची राहिली आहे. नाताळच्या दिवशी आमच्या घरी जेवण चार वाजता होतं, कारण तोवर हे शेवटच्या वाडीवरून येतात. मुलं लहान असताना भुकेने रडायची, मग मी दुपारी त्यांना भात भरवून झोपवायचे आणि उठल्यावर ‘आता नाताळ’ असं सांगायचे. थोरला बरीच वर्षं समजत होता की नाताळ संध्याकाळी सुरू होतो.

सव्वादहा

दानाचे पैसे खजिनदाराने दुपारीच मोजून नेले. आता आमचे मोजायचे. सकाळची रिक्षा, मोटारसायकलचं पेट्रोल, म्हातारीच्या घरी दिलेली साखर-चहापत्ती. हे डोळे मिटून खुर्चीत. सकाळच्या तान्ह्याच्या आईला फोन लावला. ताप उतरलाय, दवाखान्यात ठेवून घेतलंय. ‘प्रार्थनेचा गुण आला, अम्मा.’ बरं म्हटलं.

मग मुलीचा फोन, बीदरहून, हॉस्टेलमधून. रविवारी ती उशिरा करते, आम्ही आधी सापडत नाही हे तिला माहीत आहे. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, ‘आई, डिग्री झाली की मी जबलपूरला जाईन म्हणते. लिओनार्डला. बी.डी. करायला.’

लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज, यांचंही तेच. मी फोन स्पीकरवर टाकला. यांचे डोळे उघडले. भावाच्या वाट्याला आलेल्या शाळा, ते चार वाजताचे नाताळ, आजीच्या मातीला न पोचलेला बाप, हे सगळं तिने आमच्याइतकंच पाहिलंय. शिवाय तिला कुणी अडवूही शकत नाही. 1956 मध्ये, बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला त्याच वर्षी, मेथडिस्टांनी स्त्रियांना पाळकपणाचे पूर्ण हक्क दिले. पत्रावर नाव तिचं येईल.

हे काहीच बोलेनात. मीच विचारलं, ‘तू उपदेश करशील, माती देशील, कॅरलला जाशील. मग पार्सनेजात आल्यागेल्याला डाळ-भाकरी कोण घालणार?’

‘ज्याच्याशी लग्न करीन तो.’

‘पगाराशिवाय?’

‘पगाराशिवाय.’

‘असा कुणी सापडला,’ मी म्हटलं, ‘तर त्याला आधी इथे महिनाभर पाठव.’